माहुलच्या भिंती आणि कामकऱ्यांचे कान

चेंबूर स्थानकाचा गजबजाट मागे टाकून रामकृष्ण चेंबूरकर मार्गाने माहुलच्या दिशेने निघालेल्या माणसाला, त्याची इच्छा असो वा नसो, पुष्कळ वाचावे लागते. कारण एका अंगाला कारखान्यांच्या लांबच लांब भिंती आणि दुसऱ्या अंगाला भरण्याची पाळी येईतो खोळंबलेले टँकर, अशा त्या आवळलेल्या रस्त्यावर रिकामी म्हणून जी जागा उरते ती अक्षरांनी व्यापलेली असते. टँकरच्या पाठीवर कायद्याने लिहावयास लावलेला ज्वलनशीलतेचा इशारा असतो आणि त्याच्याच शेजारी, कोणत्याही कायद्याने न सांगता मालकाने वा ड्रायव्हरने पदरचे पैसे मोजून रंगवून घेतलेली ‘आई-वडिलांची पुण्याई’ असते. ‘अति घाई संकटात नेई’ असे बजावणारी वळणावरची पाटी, ‘सुरक्षा हटी, दुर्घटना घटी’ हे हिंदी यमक, आणि आत जाणाऱ्या कामगाराच्या नजरेस पडेल अशा बेताने फाटकाजवळ लावलेला, घरी कोणीतरी आपली वाट पाहत आहे याची आठवण देणारा फलक, हा मजकूर अशा उद्योगवस्तीत हटकून आढळतो. एवढे शब्द जेथे रोज हजारो माणसांच्या डोळ्यांवर आदळतात, तेथे त्या शब्दांनी माणसाच्या हाताला खरोखर बळ येते काय, हा प्रश्न विचारण्यास माहुलसारखे दुसरे योग्य ठिकाण मुंबईच्या उपनगरांत क्वचितच सापडेल.

माहुल हे मूळचे खाडीकाठचे कोळी-आगरी वस्तीचे गाव. समोर शिवडीपर्यंत पसरलेला चिखलपट्टा, त्यावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्ष्यांचे थवे, आणि पाठीशी तुर्भ्याचा डोंगर, असे त्याचे जुने चित्र. स्वातंत्र्यानंतर देशात तेलशुद्धीकरणाचे कारखाने असावेत म्हणून 1951च्या सुमारास सरकारने विदेशी तेलकंपन्यांशी करारमदार केले आणि गावाचे नशीब पालटले. 1954 साली स्टॅनव्हॅकचा कारखाना चालू झाला. 30 जानेवारी 1955 रोजी बर्मा-शेलचा. त्यानंतर टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आले, आणि 1965 साली खतांचा कारखाना. पुढे 1974 आणि 1976 या साली दोन्ही तेलकारखाने सरकारच्या मालकीचे होऊन आज आपण त्यांना अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखतो.

या कारखान्यांतील कामाचे एक वैशिष्ट्य ध्यानी घेतल्यावाचून येथल्या पाट्यांचा अर्थ लागणार नाही. कुंभाराला संध्याकाळी रांगेत मांडलेली मडकी दिसतात, गवंड्याला दिवसभरात चढलेली भिंत दिसते. परंतु तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात तीन पाळ्यांत अहोरात्र काम करणाऱ्या माणसाला दिवसाअखेरीस बोट दाखवावे असे काही उरत नाही. कच्चे तेल एका नळाने येते, तापते, उंच मनोऱ्यांत वाफांच्या थरांनी विभागले जाते आणि निरनिराळ्या नळांनी निघून जाते. त्याच्याकडे असते ते लक्ष ठेवणे, काटे पाहणे, नोंदवहीत आकडे लिहिणे, झडप योग्य वेळी फिरवणे. त्याच्या कर्तबगारीची उत्तम साक्ष म्हणजे त्या पाळीत काहीही घडले नाही ही होय. काही न घडण्यासाठी रोज आठ तास जागरूक राहणे, आणि ते वर्षानुवर्षे, हे नवे काही घडवण्यापेक्षा पुष्कळदा कठीण असते. आणि म्हणूनच व्यवस्थापकांना वाटत आले की या माणसाच्या कानात सतत काहीतरी शब्द पडत राहिला पाहिजे.

शब्दांवरील हा विश्वास आपल्याकडे फार लहानपणी रुजतो. प्राथमिक शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज सकाळी स्वच्छ अक्षरात लिहिला जाणारा ‘आजचा सुविचार’ ज्याने वाचला नाही असा मराठी माणूस विरळा. तो फळा पुसून दुसऱ्या दिवशी नवा सुविचार लिहिणारा विद्यार्थी मोठा झाला, कचेरीत गेला, तेथे त्याला भिंतीवर विवेकानंदांची तसबीर आणि टेबलावर पानागणिक बोधवचन छापलेली डायरी मिळाली. आणि आता तर पहाटेपासून त्याच्या मोबाइलवर उगवत्या सूर्याच्या चित्रासह इतके सुविचार येऊन पडतात की ते सगळे आचरणात आणावयाचे ठरवल्यास कचेरीत जावयास सवडच उरू नये. सुविचारांच्या या अतिवृष्टीत वाचणाऱ्याचे मन कोरडे कसे राहते, याचे आश्चर्य करण्याचे कारण नाही. वचन कोणाचे, ते कोणी कोणाला म्हटले आणि म्हणताना त्याचा स्वतःचा हात कोठे होता, या तीन गोष्टी त्या डायरीच्या पानावरून नाहीशा झालेल्या असतात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे वचनाचे सारे सामर्थ्य त्या तीन गोष्टींतच असते.

याचा पडताळा पाहावयाचा तर जात्यापाशी गेले पाहिजे. पहाटेच्या काळोखात जात्याचा खुंटा धरून बसलेल्या मराठी बाईने जेवढी शब्दसंपत्ती निर्माण केली तेवढी कोणत्याही कारखान्याने, कोणत्याही खात्याने केली नसेल. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जमवलेल्या ओव्यांची संख्याच 1 लाखाहून अधिक आहे. या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पंढरीची वाट आहे, सीतेचा वनवास आहे, सासरचा जाच आहे, पुष्कळ ठिकाणी डॉ. आंबेडकरही आहेत, परंतु ‘नेटाने दळ’, ‘आळस झटक’, ‘दळणातच खरे सुख’ असला उपदेश त्यांत शोधूनही सापडावयाचा नाही. जात्यावरच्या बाईला दळण का दळावयाचे हे सांगण्याची गरजच नव्हती. तिला हवी होती ती त्या घरघरीला साथ, जड पाळ्याच्या फेऱ्याशी जुळणारी लय, आणि मनातले बोलण्याची मुभा. आणि या तिन्ही गोष्टी तिने स्वतःच्या शब्दांत स्वतःच मिळवल्या. कापणीच्या वेळी ओळीने पुढे सरकणाऱ्या माणसांची भलरी, मोटेवरची गाणी, होडी काठावर ओढताना कोळ्यांच्या कंठातून एकदम निघणारा हेल, या सर्वांची जात एकच. अर्थ पाहू गेल्यास त्या हेलात काहीच नाही. परंतु दहा माणसांचे बळ एका क्षणी एकवटण्याचे जे काम तो करतो ते उत्तमोत्तम बोधवचनालाही साधणारे नाही.

आपल्या संतमंडळींनी श्रमाला जी प्रतिष्ठा दिली तिचे रहस्यही याच दिशेला आहे. गोरोबा कुंभार होते, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. आणि या प्रत्येकाच्या वाणीत त्याचा त्याचा धंदा आपली अवजारे घेऊन हजर आहे. अरणगावच्या मळ्यात राबणाऱ्या सावतोबांना भाजीपाल्यातच विठ्ठल दिसला हे सारा महाराष्ट्र जाणतो. तो मळा त्यांचा होता, पाटाचे पाणी ते स्वतः वळवत होते, म्हणून ते बोलणे ऐकणाऱ्या दुसऱ्या माळ्याला परके वाटले नाही. तेच शब्द एखाद्या सावकाराने आपल्या मळ्यातील गड्यांना ऐकवले असते, तर गड्यांनी ते मान खाली घालून ऐकले असते आणि बांधापलीकडे जाताच त्यांची टवाळी केली असती, याविषयी मला मुळीच शंका नाही.

आधुनिक काळात हा न्याय सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो गाडगे महाराजांच्या चरित्रात. 1876 साली जन्मलेला, अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे घेऊन हिंडणारा हा पुरुष गावात शिरला की प्रथम गाव झाडीत असे. लोक जमत, पाहत, हळूहळू त्यांतले काही स्वतः झाडू उचलत, आणि मग रात्री कीर्तन होई. कीर्तनात बुवा लोकांना सडेतोड बोलत, प्रसंगी अत्यंत झोंबणारे बोलत, आणि लोक ते हसत ऐकून घेत. कारण दिवसभर त्यांच्या गल्लीतला केर ज्याने भरला त्याला रात्री बोलण्याचा अधिकार आहे, हे न शिकलेल्या माणसालाही उमजत असे. खराटा आधी आणि शब्द मागून, हा क्रम उलटा केला असता तर त्याच कीर्तनाचे काय झाले असते, याची कल्पना आपल्या अनेक स्वच्छता मोहिमांच्या फलकांकडे पाहून कोणालाही करता येईल.

कारखानदारी आली आणि हा क्रम खरोखरच उलटला. बोलणारा एक आणि राबणारा दुसरा अशी वाटणी झाली. मुकादमाच्या हाती हजेरीपट, साहेबाच्या हाती हुकूम, आणि कामगाराच्या वाट्याला भिंतीवरची पाटी. जगभर या पाट्यांचा एक मोठा इतिहास आहे. अमेरिकेत टॉमस वॉटसन या गृहस्थांनी ‘विचार करा’ एवढीच आज्ञा देणारा एकशब्दी इंग्रजी फलक 1911 साली योजला आणि पुढे आयबीएम कंपनीच्या कचेऱ्या त्याने भरून टाकल्या. सोव्हिएत रशियात 1935च्या ऑगस्टअखेर अलेक्सेई स्ताखानोव नामक खाणकामगाराने एका पाळीत 102 टन कोळसा काढला, म्हणजे ठरलेल्या प्रमाणाच्या चौदापट. त्याचे नाव घोषवाक्य बनून देशभर फिरले. मात्र त्या पाळीत खाणीला टेकू देण्याचे काम करणारी इतर माणसे त्याच्या मदतीला होती ही गोष्ट घोषणेत मावली नाही, आणि त्या विक्रमाच्या आधारे इतरांची प्रमाणे वाढवली गेली तेव्हा कामगारांच्या मनात त्या नावाविषयी जो भाव निर्माण झाला तो प्रेरणेचा खचित नव्हता.

ब्रिटिशांची एक कथा त्याहून उद्बोधक आहे. 1939 साली युद्ध तोंडावर आले असता तेथील सरकारने लोकांचा धीर टिकावा म्हणून भित्तिपत्रके छापली. त्यांपैकी एकाचा आशय असा होता की तुमचे धैर्य, तुमची प्रसन्नता आणि तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल. सामान्य माणसाने ते वाचले आणि त्याच्या मनात सहजच आले की धैर्य आमचे आणि विजय मात्र तुमचा, ही कोठली वाटणी? उत्साह वाढण्याऐवजी नाराजी पसरली. त्याच मालिकेतील दुसरे, शांत राहून आपले काम चालू ठेवा असे सांगणारे पत्रक जवळजवळ 25 लाख प्रतींनी छापले गेले होते. ते फारसे कोठे लागलेच नाही, बहुतेक प्रती रद्दीत गेल्या, आणि 2000 साली इंग्लंडमधील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची एक प्रत सापडून ते जगभर कपबश्यांवर व बनियनांवर झळकू लागले. युद्धात ज्याचा उपयोग झाला नाही ते वाक्य चहाच्या कपावर लोकप्रिय व्हावे, यातील विनोद मूळ लेखकाला कितपत रुचला असता कोण जाणे.

आपल्याकडे आणीबाणीच्या दिवसांत हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला. ‘बातें कम, काम ज़्यादा’ ही घोषणा कचेऱ्यांतून आणि रस्त्यांच्या कडेला ज्यांनी पाहिली आहे अशी पिढी अद्याप हयात आहे. माहुलचा बर्मा-शेल कारखाना सरकारने ताब्यात घेतला तो 24 जानेवारी 1976 रोजी, म्हणजे नेमक्या याच काळात. घोषणेत गैर असे काही नव्हते. परंतु ज्या वेळी बोलण्याचीच भीती होती त्या वेळी ‘कमी बोला’ ही प्रेरणा नव्हे, ती ताकीद होते, आणि ताकिदीने माणूस हजेरीपटावर वेळेवर सही करतो, एवढेच.

याचा अर्थ कारखान्याने कामगाराशी बोलूच नये असा नाही. महाराष्ट्रात एक उदाहरण असे आहे की ज्यात कारखाना बोलला आणि सारा समाज ऐकू लागला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातील निवडुंगाने भरलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असलेला तो काळ. नांगर खपवावयाचा तर आधी माणसाचे मन नांगरणे भाग होते. 1920 साली त्यांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्र सुरू केले, आणि नांगर-पंपांच्या माहितीबरोबर उद्योग, स्वावलंबन, विज्ञाननिष्ठा यांविषयीचे लेख देता देता त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ हे मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले. हे पत्र वाचले गेले, कारण त्यातील शब्दांच्या मागे दिसणारा कारखाना होता, वाडीतली घरे, शाळा, रस्ते होते, आणि स्वतः यंत्रापाशी उभा राहून चूक दाखवणारा मालक होता. याच किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री काही काळ ज्यांनी केली त्या भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिला जे वचन दिले ते ‘कमवा आणि शिका’. भिंतीवर लिहिण्यास हे तीन शब्द आटोपशीर आहेत खरे, परंतु त्यांच्या पाठीशी वसतिगृह होते, शेत होते, कुदळ होती, आणि संध्याकाळी अभ्यासाचा दिवा होता. त्या वचनाचा अर्थ विचारणाऱ्या मुलाला स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता नव्हती. त्याला कुदळ दिली की पुरे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांना गुणवत्तेचे शास्त्र शिकवणारे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी तर व्यवस्थापकांना दिलेल्या आपल्या सुप्रसिद्ध चौदा सूत्रांपैकी दहावे सूत्र याच विषयाला वाहिले आहे: कामगारांसाठी लावलेल्या घोषणा, उपदेश आणि निर्दोष कामाची आवाहने काढून टाका. त्यांचे म्हणणे असे की बहुतेक दोष हे यंत्रांचे, कच्च्या मालाचे, आखणीचे, थोडक्यात व्यवस्थेचे असतात आणि ते दुरुस्त करणे कामगाराच्या हातात नसते. अशा वेळी त्याच्यासमोर ‘चूक करू नका’ अशी पाटी लावणे म्हणजे दोष त्याच्या माथी मारणे होय, आणि त्याने निपजतो तो केवळ कडवटपणा. गळक्या झडपेखाली ‘दक्ष राहा’ असा फलक ज्यांनी पाहिला आहे त्यांना डेमिंगसाहेबांचा मुद्दा विनाविलंब पटेल.

मानसशास्त्राने या गोष्टीला आपल्या परीने पुष्टी दिली आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पिट्सबर्ग भागातील सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांना कामावरील बऱ्या-वाईट प्रसंगांविषयी विचारले असता, असमाधानाची कारणे आणि समाधानाची कारणे या दोन निरनिराळ्या रांगा आहेत असे त्यांना आढळले. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक, नियम यांत खोट असेल तर माणूस खचतो; पण ती खोट काढली एवढ्याने तो पेटून उठत नाही, त्यासाठी कामातच काही साध्य झाल्याची जाणीव आणि त्याची कोणी घेतलेली दखल लागते. माहुलच्या संदर्भात यातील पहिला भाग विशेष महत्त्वाचा आहे. तानसा जलवाहिनीच्या काठावरून हलवलेल्या कुटुंबांना येथील प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत आणून बसवले, तेव्हा त्यांना हवेचा त्रास झालाच, शिवाय जुन्या वस्तीजवळ असलेली धुणीभांड्याची, हातगाडीची कामे अंतरामुळे सुटली. येथील हवेचा प्रश्न हरित लवादापुढे गेला आणि पुनर्वसनाचा उच्च न्यायालयापुढे. ज्या माणसाची कामाला जाण्याची वाटच तुटली, त्याला श्रमाची महती सांगणारे वचन ऐकवणे हा शब्दांचा अपव्यय नव्हे तर अपमान आहे. या बाबतीत आपल्याकडील सर्वांत प्रेरक लेखन कोणते असे मला कोणी विचारले, तर मी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या वतीने, त्यांच्या हजारो सह्यांनिशी केलेल्या अर्जाकडे बोट दाखवीन; त्यांनी चालवलेल्या खटपटीचे फळ म्हणून 10 जून 1890 पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळू लागली. अलंकार नसलेल्या त्या अर्जाने कामगारांच्या पाठीला जो विसावा दिला तो कोणत्याही स्तोत्राने दिला नव्हता.

हर्झबर्ग यांच्या निष्कर्षाचा दुसरा भाग दाखला घेऊन पाहावा. अ‍ॅडम ग्रँट या संशोधकाने 2007 साली एका अमेरिकी विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मागणाऱ्या लोकांवर प्रयोग केला. काम रटाळ, पावलोपावली नकार. काहींना, या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याचे पत्र वाचावयास दिले. काहींची त्या विद्यार्थ्याशी अवघी काही मिनिटे प्रत्यक्ष भेट घडवली. महिन्याभराने पाहिले तर भेट झालेल्या गटाचा दूरध्वनीवर घालवलेला वेळ दुपटीहून अधिक झाला होता आणि त्यांनी जमवलेली रक्कमही; पत्र वाचणाऱ्यांत असा फरक पडला नाही. म्हणजे मजकूर तोच, परंतु तो माणसाच्या मुखातून, समोर उभे राहून आला तेव्हाच कामी आला. संशोधक टेरेसा अमाबिले यांनी 238 नोकरदारांच्या रोजनिश्यांतील सुमारे 12 हजार नोंदी तपासून काढलेला निष्कर्ष याला जोड म्हणून ठेवावा: माणसाचा कामावरचा चांगला दिवस बहुतेक करून तोच असतो, ज्या दिवशी त्याला अर्थपूर्ण वाटणारे काम थोडेसे का होईना पुढे सरकलेले असते.

येथे माहुलच्या पाट्यांचा एक वर्ग मात्र मला बाजूला काढून ठेवावासा वाटतो, तो सुरक्षेच्या शब्दांचा. 4 मार्च 1966 रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि तिच्या स्थापनादिनानिमित्त दरसाल मार्चमध्ये कारखान्याकारखान्यांतून सुरक्षा सप्ताह साजरा होतो. प्रतिज्ञा म्हटली जाते, फिती लावल्या जातात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. यातील पुष्कळसा भाग उपचाराचा आहे हे मान्य. तरीही पाळी सुरू होण्यापूर्वी मुकादमाने आपल्या आठदहा माणसांना गोळा करून आजचे काम कोणते, कोणती लाइन बंद आहे, परमिट कोणाकडे आहे, काल कोठे काय चुकता चुकता राहिले, हे पाच-दहा मिनिटांत बोलण्याची जी पद्धत आहे, जिला सर्वजण टूलबॉक्स टॉक म्हणतात, तिच्यात शब्द पुन्हा हाताच्या जवळ येतो. जपानी रेल्वेतील कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची अवस्था मोठ्याने उच्चारतात. पाहणाऱ्याला हे बालिश वाटते, परंतु तेथील रेल्वे संशोधन संस्थेने 1994 साली घेतलेल्या चाचणीत या साध्या रीतीने चुका सुमारे 85 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ज्या वाक्यासरशी बोट उचलले जाते, डोळा वळतो, कान आपलाच आवाज ऐकतो, ते वाक्य झोपेतही सोबत राहते.

फाटकावरच्या आणखी एका फलकाविषयी, ज्यावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा आकडा रोज एकाने वाढवला जातो, माझे मत संमिश्र आहे. काही न घडण्याचे काम करणाऱ्यांना ते काही न घडणे आकड्यांत दिसावे ही कल्पना मोठी मार्मिक आहे. मघाशी म्हटलेल्या त्या अदृश्य कर्तबगारीला तो एक चेहरा देतो. परंतु त्या आकड्याला बक्षिसी जोडली की गोष्ट बिघडते. आकडा शून्यावर येऊ नये म्हणून कोणी बोट चेचलेले लपवतो, कोणी पट्टी घरी जाऊन बांधतो, आणि लहान जखमा ज्या मोठ्या अपघाताची वर्दी देत असतात ती वर्दी दफ्तरात पोहोचतच नाही. 8 ऑगस्ट 2018 रोजी माहुलच्या भारत पेट्रोलियम कारखान्यात स्फोट होऊन आग लागली तेव्हा तिचा हादरा चेंबूरपर्यंत जाणवला होता. अशा वस्तीत लहानसहान वर्दीचे मोल किती असते हे येथील रहिवाशांना निराळे सांगावयास नको.

कायद्याला ही गोष्ट कळत होती असे दिसते. 1948च्या कारखाने अधिनियमाने अशी तजवीज केली होती की कायद्याचा गोषवारा कारखान्यात इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही ठळकपणे लावला पाहिजे. आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली झालेल्या दुरुस्तीने धोकादायक कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांच्या संयुक्त सुरक्षा समित्या आणल्या, तसेच धोक्याची माहिती कामगारांना व आजूबाजूच्या वस्तीला देण्याचे बंधन घातले. म्हणजे भिंतीवरचा शब्द वाचणाऱ्याच्या भाषेत हवा, आणि तो ठरवताना वाचणाराही मेजाशी बसलेला हवा.

घाटकोपरच्या चिरागनगरात राहून, गिरणीत काम करून, शाहीर म्हणून कामगारांपुढे उभे राहिलेले अण्णा भाऊ साठे 1958 साली पहिल्या दलित साहित्य संमेलनात म्हणाले होते की ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे. मुंबईत कामगाराविषयी बोलले गेलेले याहून थोर वचन मला ठाऊक नाही. त्यात कामगाराला काहीही करावयास सांगितलेले नाही. तो जे करतोच आहे ते किती मोठे आहे एवढेच सांगितले आहे, आणि सांगणाऱ्याच्या तळहातालाही घट्टे पडलेले होते.

तेव्हा माहुलच्या एखाद्या व्यवस्थापकाने मला विचारलेच, तर मी त्याला भिंती रंगवण्याचा खर्च कमी करून दुसरा एक खर्च सुचवीन. 1950च्या दशकात याच बर्मा-शेलने ‘बर्शेन’ या नावाने स्वयंपाकाचा गॅस मुंबईच्या घरांत आणला आणि चुलीच्या धुराने डोळे चोळणाऱ्या कितीतरी बायकांची सकाळ बदलली. परंतु मनोऱ्याखाली उभ्या असलेल्या कामगाराची आणि त्या बाईची गाठ कधी पडली नाही. आजही येथून निघालेले डिझेल कोणत्या एसटीच्या टाकीत जाते, कोणत्या नाखव्याच्या होडीत जाते, हे येथल्या माणसाला ठाऊक नसते. सुरक्षा सप्ताहातील एका दिवशी व्याख्यात्याऐवजी घाटातून रात्रीची गाडी नेणारा एसटीचा एखादा चालक बोलवावा, शेजारच्याच कोळीवाड्यातील एखादी वयस्क बाई बोलवावी, तिच्या खाडीत मासळी कशी होती आणि आता काय मिळते हे तिच्या तोंडून ऐकावे, कौतुकाबरोबर तक्रारही ऐकावी. घोषवाक्यांच्या स्पर्धेत पहिले आलेले वाक्य कंत्राटी कामगाराचे असेल तर तेच, त्याच्या नावासह, त्याच्या बोलीत, त्याने लिहिले तसे फाटकावर लावावे, आणि पुढच्या मार्चपर्यंत ते तेथेच ठेवावे.